गिअरबॉक्समधील ऑइलची गळती घरी काढताना या चुका टाळा

जुन्या गाडीखाली सकाळी तेलाचा डाग दिसला की पुढचे सगळे ठरलेले आहे, असे अनेकांना वाटते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, आणायचे, रविवारी गाडी वर घ्यायची आणि संध्याकाळी रंकाळ्यावर फेरफटका मारायला मोकळे व्हायचे. त्याच रविवारी दुपारी मला फोन येतो, "काका, ऑइल सगळं काढलंय, आता भरायचा बोल्टच सुटत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्या चुकीपासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल.

मारुती ८०० सारख्या गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात. खालच्या बोल्टमधून ऑइल काढायचे आणि बाजूच्या बोल्टच्या छिद्रातून भरायचे. ऑइलची पातळीही याच छिद्रावर पाहतात. खालचा बोल्ट हाताला लगेच सापडतो, म्हणून नवशिका माणूस आधी तोच सोडतो. बाजूचा बोल्ट मात्र कित्येक वर्षे कुणी हलवलेला नसतो, त्याच्या कडेने चिखल आणि गंज बसलेला असतो, आणि घाईत लावलेला साधा पाना त्याचे कोपरे गोल करून टाकतो. त्यानंतर गिअरबॉक्स रिकामा, दुकाने बंद आणि सोमवारी सकाळी गाडी हवी, अशा कात्रीत माणूस सापडतो. म्हणून माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: भरायचा बोल्ट सुटून हातात आल्याशिवाय काढायच्या बोल्टला पाना लावायचा नाही. मी आदल्या रात्री त्या बोल्टच्या कडेला गंज सोडवणारे तेल मारून ठेवतो, सकाळी तारेच्या ब्रशने कोपरे साफ करतो आणि नीट बसणारा बॉक्स पाना लावूनच जोर देतो. यात पंधरा मिनिटे जातात, आणि ज्यांना तेवढीही सवड नाही त्यांनी हे काम घरी काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक याहून मोठी आहे, कारण ती चूक आहे हेच लोकांना मान्य नसते. डाग जिथे पडला तिथेच गळती आहे असे धरून सील बदलले जाते. ऑइल वरून ओघळते, वाऱ्याने मागे सरकते आणि सर्वांत खालच्या टोकावरून थेंबाथेंबाने पडते. इंजिनच्या टॅपेट कव्हरचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, गॅस्केट पाझरत असले, तरी गिअरबॉक्सची खालची बाजू ओली दिसू शकते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात, त्यांना सगळे सरच म्हणतात. त्यांच्या ८०० च्या डाव्या ड्राइव्ह शाफ्टपाशी, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यापाशी, पावसाळ्याच्या सुरुवातीला गळती लागली. त्यांच्या पुतण्याने घरीच सील बदलले, आणि दोन आठवड्यांत पुन्हा थेंब पडू लागले. सील खराब निघाले असे समजून त्याने दुसऱ्या दुकानातून आणून पुन्हा बदलले, तरीही फरक पडला नाही. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी एकही बोल्ट सोडला नाही. गिअरबॉक्स रॉकेलने धुतला, फडक्याने कोरडा केला, दोन्ही बाजूंच्या सीलभोवती टाल्कम पावडर मारली आणि सरांना शेजारी बसवून गाडी गावात फिरवली. पावडर कोरडीच राहिली. मग आम्ही पन्हाळ्याचा घाट चढून उतरलो. परत आल्यावर पाहिले तर डावीकडची पावडर भिजून पिवळसर लगदा झाली होती, आणि उजवीकडेही ओली रेघ उतरलेली होती. दोन्ही सील एकाच वेळी आणि तेही गिअरबॉक्स तापल्यावरच पाझरतात, तेव्हा आत दाब साठतो आहे असा संशय घ्यावा. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला हवा बाहेर जाण्यासाठी एक छोटा ब्रीदर असतो. तो शेताच्या वाटेवरच्या चिखलाने पूर्ण बुजला होता, आणि वाळलेली माती विटेसारखी घट्ट झाली होती. बारीक तार आणि रॉकेल वापरून मी ती काढली. आत तापलेल्या हवेला वाट नसल्यामुळे ती सीलच्या ओठातून, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या रबरी कडेतून, ऑइल बाहेर ढकलत होती. सरांचे पहिले सील बहुधा चांगलेच होते. ब्रीदर मोकळा करून सील नीट बसवल्यानंतर दोन पावसाळे गेले, ती जागा कोरडी आहे.

"सील नीट बसवल्यानंतर" असे मी मुद्दाम म्हटले, कारण पुतण्याने बसवलेले सील बाहेर काढले तेव्हा त्याच्या कडेवर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाच्या तीन खुणा होत्या आणि ओठामागची बारीक गोल स्प्रिंग जागेवरून निघालेली होती. एका बाजूने ठोकलेले सील तिरके बसते आणि ठोक्यांच्या धक्क्याने ती स्प्रिंग उडते. मी उद्यमनगरातल्या एका लेथवर पाइपचा तुकडा सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित कमी मापाचा करून घेतला आहे. सील त्यानेच सगळीकडून सारखे दाबत आत घेतो. ओठाला ग्रीस लावतो आणि स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे, येईल याची खात्री करतो. सील आणताना जुन्या सीलवर छापलेले आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे मिलिमीटरमध्ये जुळवून घ्यावेत. गाडीचे नुसते नाव सांगून दिलेल्या सीलवर भरवसा ठेवू नये.

सील बदलण्यासाठी शाफ्ट बाहेर काढताना तो हाताने धरून ओढू नये. आतला सांधा रबरी बूटमध्येच निखळतो आणि दुसरेच काम उभे राहते. गिअरबॉक्सच्या कडेला टॉमी (लोखंडी पहार) लावून सांध्यालाच बाहेर सरकवावे. शाफ्ट परत घालताना त्याच्या दातांनी नव्या सीलचा ओठ कापला जाऊ नये, म्हणून तो सरळ आणि हळू आत न्यावा. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे शाफ्टवर नखाला लागेल एवढी खाच पडली असेल, तर कितीही नवे सील घातले तरी ते पाझरणारच. तेव्हा शाफ्टचा तो भाग बदलावा.

सिलिकॉनची ट्यूब हा गळतीवरचा उपाय नव्हे. ओल्या भागावर ते चिकटत नाही, आणि आत ढकललेला जास्तीचा गोळा सुटून ऑइलबरोबर फिरू लागतो.

काढायच्या बोल्टखालचा वायसर दर वेळी नवा घालावा, आणि बोल्ट दात जाईपर्यंत आवळू नये. गिअरबॉक्सचे आवरण ॲल्युमिनियमचे असते.

ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच भरावे. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे आहेत. जिथे जीएल-४ सांगितले आहे, तिथे "जास्त चांगले" म्हणून जीएल-५ भरण्याचा सल्ला मला वारंवार ऐकू येतो. त्यातील गंधकयुक्त रसायनांचा गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना, त्रास होऊ शकतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर तिचे ऑइल आणि पातळी पाहण्याची पद्धत दोन्ही वेगळी असतात, म्हणून वरच्या सूचना तिला जशाच्या तशा लावू नयेत.

गाडीखाली विटा लावून आत शिरण्याचा प्रकार मी कुणालाही करू देत नाही. वीट भाराखाली आधी काही न दाखवता फुटते. सपाट जमीन, मागच्या चाकांना अडण आणि मजबूत स्टँड यांच्याशिवाय गाडीखाली जाऊच नये. जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी आहे.

काढलेले ऑइल मी जुन्या एक लिटरच्या डब्यांत मोजून भरतो. पुस्तिकेतील मापाशी ते ताडले की आत किती कमी झाले होते ते समजते. ते डबे मी जुने ऑइल घेणाऱ्या गॅरेजवाल्याकडे देतो. आमच्याकडची बहुतेक गटारे शेवटी पंचगंगेलाच मिळतात.

भरताना गाडी सपाट असली पाहिजे. छिद्राच्या खालच्या काठापर्यंत ऑइल येऊन बारीक धार बाहेर पडू लागली की थांबावे आणि धार बंद झाल्यावर बोल्ट लावावा. जॅकवर तिरक्या असलेल्या गाडीत मोजलेली पातळी खोटी असते.

काम झाल्यावर मी आठवडाभर दर रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवतो आणि त्यावर तारीख लिहितो. सातही सकाळी पुठ्ठा कोरडा निघाला, तर मगच मालकाला गाडी गगनबावड्याच्या घाटात न्यायला सांगतो.