डीएमएलटीला प्रवेश घेताय? फीच्या आधी पोस्टिंग विचारा

बारावी सायन्सनंतर नीटचे मार्क कमी पडले की मराठवाड्यात घरोघरी एकच सल्ला मिळतो: डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून टाक. सल्ला वाईट नाही. फक्त कॉलेज निवडताना फी आणि हॉस्टेल बघितलं जातं, आणि खरं काम जिथं शिकायचं त्या रुग्णालयातल्या पोस्टिंगचं कुणी विचारतच नाही.

आधी कागद. 2021 च्या केंद्रीय कायद्यात या क्षेत्रातल्या डिप्लोमासाठी किमान 2000 तास आणि दोन ते चार वर्षं धरली आहेत. त्यामुळे ‘सहा महिन्यांत, घरबसल्या डिप्लोमा’ म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं, आणि त्यावर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी होते का, हे लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ला अर्थ नाही.

मग पोस्टिंग. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती, नांदेडचं विष्णुपुरी, लातूरचं शासकीय रुग्णालय, अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या ओपीडीची गर्दी हाच अभ्यासक्रम समजा. दहा खाटांच्या दवाखान्यात पाठवलं तर निम्मा दिवस रजिस्टर लिहिण्यात जातो. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि थेट विचारा: रोज स्वतःच्या हातानं किती जणांचं रक्त काढता?

कारण रिपोर्ट बिघडतो तो बहुतेक मशीनवर नाही, त्याच्या आधी, रक्त काढताना. टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) एक मिनिटाच्या वर बांधून ठेवलं की रक्त घट्ट होतं, प्रोटीन खोटं वाढतं. बारीक सुईतून जोरानं ओढलं की पेशी फुटतात, सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) लालसर दिसतं आणि पोटॅशियम वाढलेलं येतं. बल्बचा, म्हणजे रक्त भरायच्या नळ्यांचा, झाकणाच्या रंगानुसार क्रमही पाठ हवा: आधी निळा सायट्रेट, मग प्लेन (रक्त गोठू देणारा) किंवा जेल, मग जांभळा ईडीटीए, शेवटी करडा फ्लोराइड. ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन, बल्बात ते पोटॅशियमचं मीठ म्हणून असतं; जांभळ्यातलं रक्त प्लेनमध्ये ओतलं तर पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम खाली. ‘प्लेनमध्ये कमी पडलं, थोडं ओतून टाक’ हा शॉर्टकट पोस्टिंगवर कुणी ना कुणी दाखवतोच. ऐकू नका.

निळ्या बल्बात एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त लागतं. 0.2 मिली सायट्रेट असलेल्या बल्बात 1.8 मिली रक्त, म्हणजे खुणेपर्यंत. अर्धाच भरला तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलेला दिसतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस चुकू शकतो. भरला की तीन-चार वेळा हळू उलटा करा, जांभळा आठ-दहा वेळा. जोरात हलवायचं नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं पुस्तकात फारसं येत नाही. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून दुचाकीच्या डिकीत आलेल्या प्लेन बल्बात पेशी साखर खात राहतात. साधारण खोलीच्या तापमानालाच तासाला पाच ते सात टक्के उतरते, मे महिन्यात त्याहून जास्त. शुगर करड्या बल्बातच घ्या. बाकीच्या तपासण्यांसाठी प्लेन बल्बात घेतलेलं रक्त गोठलं की, साधारण अर्ध्या तासानं, सेंट्रिफ्यूज लावून सीरम वेगळं करा आणि आइसपॅकच्या डब्यात पाठवा. पेशींसकट रक्त बर्फाला लावू नका, पोटॅशियम वाढतं.

वापरलेली सुई, टोपण परत न लावता, सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात टाका. सुया टोचतात त्या बहुधा टोपण लावतानाच. हिपॅटायटिस बीची लस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असते, म्हणून पहिला डोस प्रवेशाच्या आठवड्यातच घ्या. पोस्टिंग सहा महिने थांबत नाही.