पुंगळी अडकली की आधी पुंगळीच बघा

माझ्या .२२ बोल्ट रायफलमध्ये पुंगळ्या (गोळी उडाल्यावर उरणारी काडतुसाची रिकामी नळकांडी) अडकायला लागल्या. बोल्ट (मागेपुढे सरकणारा दांडा) मागे यायचा, पुंगळी मात्र चेंबरमध्येच, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेतच, राहायची. मी लगेच एक्सट्रॅक्टर (पुंगळीची कड पकडून ओढणारं बोल्टवरचं नख) बदलला. फरक शून्य. मग अडकलेल्या पुंगळ्या भिंगाखाली धरल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला.

पुंगळीच्या बुडाच्या कडेवर या नखाने ओरबाडल्याची खूण होती. म्हणजे एक्सट्रॅक्टरने कड पकडली होती, पण पुंगळी सुटत नव्हती, दोष चेंबरचा. कड कोरी दिसली असती तर नख झिजलंय, त्याखाली मळ आहे किंवा स्प्रिंग मऊ पडलीय, असं समजायचं.

.२२ लाँग रायफल या काडतुसाच्या गोळीवरचं मेण किंवा वंगण उघडंच असतं. ते शिसं आणि काजळीबरोबर चेंबरमध्ये घट्ट बसतं. त्याच चेंबरमधून .२२ शॉर्ट हे आखूड काडतूस वापरलं असेल तर त्याच्या पुंगळीच्या पुढे मळाचं कडं तयार होतं आणि लांब पुंगळी त्यात रुतते.

हात लावण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग ब्राँझच्या ब्रशला सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं द्रव) लावून मागच्या बाजूनेच चेंबरमध्ये घाला, हाताने फिरवा, दहा मिनिटं मुरू द्या. पांढरं फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसा आणि चेंबर कोरडं करा. माझी रायफल एवढ्यानेच सुधारली.

नखाखालचा मळ लाकडी दातकोरणीने निघतो. बोल्ट बाहेर काढून एक रिकामी पुंगळी नखाखाली सरकवा आणि हलकेच हलवा. ती पडली तर पकड कमी आहे. एक्सट्रॅक्टर उघडायचाच असेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा. तांदळाएवढी ती स्प्रिंग एकदा उडाली की सापडत नाही.

पुंगळीवर लांबीच्या दिशेने ओरखडा दिसला तर मात्र थांबा. रिकामी रायफल वारंवार चालवली की काही रायफलींत फायरिंग पिन (काडतुसावर आदळून ते उडवणारी पिन) चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथे खडा, म्हणजे धातूचा बारीक उंचवटा, उठतो. कानस अजिबात लावू नका. तो खडा दाबून सपाट करायचं हत्यार गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) असतं.

आणि अडकलंय ते न उडालेलं काडतूस असेल तर नळीतून सळई घालून ढकलू नका. रिमफायरमध्ये, म्हणजे अशा .२२ काडतुसांत, स्फोटक मसाला कडेतच भरलेला असतो. नळी सुरक्षित दिशेला ठेवून जाणकाराला बोलवा.