मक्याला खत घालताना या चुका टाळा

पहिल्यांदा संकरित मका केला तेव्हा मी एकरी तीन बॅगा युरिया घातला. त्यातल्या दोन एकाच दिवशी, कारण दुकानात त्या दिवशी मिळाल्या. मका असा काळाभोर झाला की रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. मग एका वादळी पावसात निम्मं रान आडवं झालं. आजही सिल्लोड-भोकरदन पट्ट्यात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न तोच, "किती बॅगा टाकल्या?"

गफलत तिथेच सुरू होते. खरीप मक्याला हेक्टरी 120 किलो नत्र (नायट्रोजन), 60 किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि 40 किलो पालाश (पोटॅशियम) ही शिफारस बरीच वर्षं चालत आलीय. हा आकडा हेक्टरचा आहे, आणि किलो अन्नद्रव्याचे आहेत, खताचे नाहीत. एकराला 48, 24 आणि 16 किलो. त्यासाठी डीएपीची (स्फुरद आणि थोडं नत्र देणारं खत) 50 किलोची एक बॅग, पोटॅश (पालाशचं खत) 25 किलोच्या आसपास आणि उरलेल्या नत्रासाठी युरिया 85 किलो पुरतो. म्हणजे 45 किलोच्या दोन बॅगांतूनही थोडा उरतो. माती परीक्षण झालेलं असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा. काळ्या रानात पालाश बऱ्याचदा चांगलं निघतं.

डीएपी वरून टाकणं

माझ्या मते आपल्याकडची ही सगळ्यात महागडी सवय. पावसाचा भरवसा नसतो, हातात पैसा नसतो, म्हणून "आधी उगवू तर द्या" असं म्हणत खत लांबवतात. भीती खोटी नाही. पण स्फुरद मातीत फारसं हलत नाही, पडलं तिथेच राहतं, आणि चुनखडीच्या रानात लवकर बांधलंही जातं. महिन्याच्या मक्यात वरून टाकलेली डीएपी मुळांपर्यंत जातच नाही. तिच्यातल्या नत्राने पानं हिरवी होतात आणि आपल्याला वाटतं, खत लागू पडलं. पैसे कमी असतील तर ती बॅग पेरणीलाच घाला, युरियाचं नंतर बघता येतं. फक्त खत बियाण्याला चिकटू देऊ नका. दोन इंच बाजूला आणि थोडं खाली पडलं पाहिजे, नाहीतर उगवण मार खाते.

युरियाचा हिशोब आणि फेकाफेकी

पेरणीला डीएपीसोबत एकरी 15 किलो युरिया, 30 दिवसांनी 35 आणि 40-45 दिवसांनी 35. तुरा पडल्यावर युरिया घालण्यात अर्थ नाही. ओल्या रानावर फेकून तसाच ठेवला तर उन्हाने त्यातलं नत्र हवेत उडतं. वापसा असताना, म्हणजे रानात ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, झाडापासून चार बोटं लांब टाकून लगेच कोळपं फिरवून तो मातीत मिसळा. हाताला अंदाज यावा म्हणून सांगतो: दोन फुटांवर तासं (ओळी) असतील तर 35 किलोच्या हप्त्यात 100 मीटरच्या तासाला अर्धा किलो. एकदा ताजव्यावर मोजून डब्यात घ्या आणि तेवढ्यात एक तास पुरवा. आपली मूठ किती सैल आहे ते पहिल्याच तासाला कळतं.

सकाळी दंवात फेकलेला युरिया पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) अडकतो आणि पानावर भाजल्यासारखे डाग पडतात. लोक लष्करी अळी समजून फवारणी करतात. अळी असेल तर पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसते. ती नसेल तर पंप खाली ठेवा.

पिवळं दिसलं की युरिया

खालच्या पानाचा पिवळेपणा शेंड्यापासून मधल्या शिरेने आत सरकत असेल तर नत्र कमी आहे. कडा करपत असतील तर पालाश. कोवळ्या पानांवर बुडाकडे पांढरट पट्टे दिसले तर जस्त कमी. तिथे युरिया ओतून काही होत नाही. झिंक सल्फेट एकरी 8 ते 10 किलो शेणखतात कालवून पेरणीआधी द्यावं, डीएपीत मिसळू नये, दोन्ही एकमेकांना बांधून टाकतात. एका दुकानदाराने युरियासोबत टॉनिकची बाटली माझ्या गळ्यात मारली होती. तेवढ्या पैशात एकराचं झिंक आलं असतं.

आणि सप्टेंबरात झड लागून तासांत पाणी साचलं असेल, तर सगळंच रान पिवळं पडतं. तेव्हा मुळांना हवा नसते, खत घातलं तरी ती उचलत नाहीत. आधी बांधाच्या कडेने चर काढून पाणी वाटेला लावा. राहिलेला हप्ता वापसा आल्यावर द्या, तोही अजून तुरा पडला नसेल तरच.