हलक्या रॉडला ब्रेड किती पाउंडाची? या चुका टाळा

ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली मासेमारीची दोरी, घ्यायला दुकानात गेलेल्या माणसाचं ठरलेलं वाक्य असतं, "दादा, मजबूत द्या, मोठा जिताडा लागला तर?" दादाही खुशीने ४० पाउंड ताण सोसणाऱ्या दोरीचं रीळ काढून देतात. सगळा घोळ इथेच सुरू होतो. मासा आपण दोरीने उचलत नाही, तो पाण्यात असतो. दोरीवर किती ताण येणार ते ड्रॅग, म्हणजे रॉडवरच्या रिळाचा ब्रेक, ठरवतो आणि ड्रॅग किती लावायचा ते रॉड ठरवतो. म्हणून माशाचा विचार नंतर करा, आधी रॉडवर काय छापलंय ते वाचा.

मुठीच्या वर बारीक अक्षरांत असतं: लाइन ८–१६ पाउंड, लुअर (नकली आमिष) ७–२८ ग्रॅम, असं काहीतरी. अशा सात-साडेसात फुटी रॉडला आणि २५०० किंवा ३००० आकाराच्या रिळाला १५ ते २० पाउंडाची ब्रेड पुष्कळ झाली. छापलेल्या आकड्यापेक्षा दोरी थोडी वर गेली तर बिघडत नाही, ड्रॅग मात्र वर जाता कामा नये. दोरीच्या ताकदीच्या पाव हिश्शाएवढा ड्रॅग ठेवायचा. २० पाउंडाला ५ पाउंड, म्हणजे साधारण सव्वादोन किलो.

सव्वादोन किलो किरकोळ वाटतात ना? प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा घ्या. दोरी रॉडच्या कड्यांतून ओवून त्याला बांधा, रॉड तिरपा धरा आणि घरातल्या कुणालातरी काटा हळूहळू ओढायला सांगा. दोन किलोच्या आसपासच हलका रॉड चांगला वाकतो आणि मनगट भरून येतं. ड्रॅग बोटांच्या अंदाजाने लावणारे बहुतेक जण एक तर अर्ध्या किलोवर असतात, नाहीतर चार किलोवर. हा पाच मिनिटांचा उद्योग एकदा केला की ४० पाउंडाचा मोह बराचसा आपोआप सुटतो.

जाड दोरीचा तोटा फक्त रॉडपुरता नाही. १०-१२ ग्रॅमचं लुअर जाड ब्रेडवर लांब जातच नाही. दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटला की दोरीला पोट येतं आणि माशाने लुअरला मारलेली टोच हाताला कळत नाही. दाभोळ किंवा जयगडच्या खाडीमुखात ओहोटीचं पाणी जोरात निघतं, तिथे जाड दोरी प्रवाहाबरोबर वाहत जाते आणि जिग (बुडणारं धातूचं आमिष) तळाला टेकायच्या आधीच वर येतो. लोक मग जिग जड करतात, तो रॉडला झेपत नाही, म्हणून रॉड बदलतात. दोरी बारीक केली असती तर काम झालं असतं.

पाकिटावरच्या पाउंडांवर फार विसंबू नका. स्वस्त ब्रेडवर हा आकडा बऱ्याचदा उदार हाताने छापलेला असतो. त्यापेक्षा पीई नंबर आणि मिलिमीटरमधली जाडी बघा. पीई नंबर ताकद सांगत नाही, जाडी सांगतो: पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिमी, पीई १.५ म्हणजे ०.२०५ आणि पीई २ म्हणजे ०.२३५ मिमी. चांगली पीई १ साधारण १६ ते २० पाउंडांची भरते. ०.१६ मिमीवर कुणी ४० पाउंड छापले असतील तर आकडा विसरा. खाडीतल्या हलक्या कामाला पीई ०.८ ते १.२ ठेवा; जेट्टीवरून किंवा कांदळवणाच्या कडेला तांबोशीसाठी बसणार असाल तर १.५. ती लागल्या लागल्या मुळांत शिरते, तिथे पहिल्या झटक्यालाच तिला वळवावं लागतं.

आता उलटी चूक. बारीक दोरीची गोडी लागली की काही जण पीई ०.६ घेऊन थेट खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, जातात. कालवांच्या कडेवर ताणलेली दोरी टेकली की खेळ संपला. यावर "मग जाड ब्रेड लावतो" हे उत्तर नाही, कारण ताणलेली ब्रेड जाड असली तरी घासणं फार सोसत नाही. उत्तर आहे लीडर, म्हणजे ब्रेडच्या पुढे जोडायचा, घासणं सोसणारा एकपदरी तुकडा. खडपात फ्लुरोकार्बनचा दीड-दोन मीटरचा, २५ ते ३० पाउंडाचा लीडर लावा. जिताड्याला ३० ते ४०, कारण त्याचं तोंड कानशीसारखं खरखरीत असतं आणि कल्ल्याच्या झाकणाला धार असते. सुरमईची शक्यता असेल तर पुढे वीतभर वायर हवी, तिच्या दातांपुढे फ्लुरोचं काही चालत नाही.

तंगूसवर, म्हणजे नायलॉनच्या एकपदरी दोरीवर, हात बसलेल्यांची एक वेगळी अडचण असते. तंगूस ताणल्यावर लांबते आणि झटका खाते. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही. तोच जुना दणका ब्रेडवर मारला की गळ माशाच्या तोंडातून फाटून येतो, आणि दोष दोरीला जातो. मनगटाने हलकेच खेचा, बाकीचं काम रॉड करतो.

दोरी तुटली की "कमी पाउंडाची होती" म्हणून मोकळं होऊ नका. उरलेलं टोक उजेडात धरून बघा. लीडरच्या टोकाला बारीक पीळ पडलेला दिसला तर गाठ सरकून सुटली आहे, दोरी तुटलेलीच नाही. ब्रेडचं टोक कापसासारखं पिंजलंय आणि नखाने चाचपल्यावर वरचे दोन-चार इंचही खरखरीत लागतायत, तर ती दगडावर किंवा खांबावर घासली. टोक सुरीने कापल्यासारखं साफ असेल तर दात किंवा कालव. आणि दर वेळी दोरी एकाच पट्ट्यात पिंजत असेल तर रॉडच्या कड्या तपासा: प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा, तडा असेल तिथे धागे अडकतात. रिळाचा लाइन रोलर (दोरी ज्यावरून वळते ती छोटी चाकी) मिठाने जाम झाला असेल तरी हेच होतं. या सगळ्यातून जे उरतं, तेवढ्यापुरतीच दोरीची ताकद कमी पडलेली असते, आणि तेही बहुधा ड्रॅग आवळलेला असताना.

गाठीबद्दल थोडक्यात. तंगूसला चालणारी साधी क्लिंच गाठ ब्रेडवर सरकते, कारण ब्रेड गुळगुळीत असते. लीडर जोडायला एफजी शिका. ती ओली करून ओढल्यावर ब्रेडचे वेढे लीडरवर रुतून गडद दिसले पाहिजेत; फिकट राहिले तर परत बांधा. खडपावर, वाऱ्यात, ओल्या हातांनी एफजी जमत नसेल तर डबल युनी चालेल, थोडी ताकद गेली तरी हरकत नाही.

ड्रॅग घट्ट करूनही मासा दोरी ओढतोय, असं होतं का? मग अख्खी ब्रेड रिळावर घसरतेय. तळाशी आठ-दहा मीटर तंगूस भरून त्यावर ब्रेड जोडा. आणि फेकल्यावर गुंते पडत असतील तर दोरी सैल भरली आहे, किंवा काठोकाठ. ओल्या फडक्यातून घट्ट धरून भरा, कडेपासून दोन मिमी मोकळं सोडा, बेल (रिळावरची तारेची कमान) हाताने बंद करा आणि हँडल फिरवायच्या आधी दोरी एकदा ताणून घ्या.

दोरी दगडात अडकली तर रॉडने ओढू नका आणि हाताला तर अजिबात गुंडाळू नका, बोट कापतं. रॉड दोरीच्या रेषेत सरळ करा, दोरी एखाद्या काठीला गुंडाळा आणि मागे सरका.

रंग उडाला म्हणून ब्रेड फेकू नका, रंग वरवरचा असतो. गोड्या पाण्यात धुवा, पुढचा पिंजलेला भाग कापा. बाकी दोरी उतरवून उलटी भरली की आतला कोरा भाग पुढे येतो आणि तेच रीळ अजून एक मोसम निघतं.