कोतवाल बुकापासून माऊसपर्यंत: अकरावीच्या पोरांसाठी तयारीची यादी

अकरावी सायन्सला नाव घातलं की घरात आधी क्लासची चर्चा सुरू होते. नागपूरला ठेवायचं की अमरावतीला, फी किती, खोली कुठं मिळेल. पोरांनो, क्लासचं बघा, पण त्याच्या आधी कागद काढायला लागा. मागे पडलेला अभ्यास दोन-तीन महिने जीव तोडून भरून काढता येतो. जात वैधतेचं, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याच्या समितीच्या प्रमाणपत्राचं, तसं नाही.

म्हणून यादीत सगळ्यात वर तेच. अकरावीच्या दिवाळीत सोयाबीन घरात आलं, की बाबांना घेऊन बसा. जातीचा दाखला, आजोबा-पणजोबांपर्यंतची वंशावळ आणि जुना पुरावा एका फाईलला लावा. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या, एससींना १० ऑगस्ट १९५० च्या आणि एसटींना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीची नोंद लागते. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढा. आमचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. मग तहसीलमध्ये अर्ज टाकून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढली. तिच्यात जन्मतारीख होती, बापाचं नाव होतं, जात होती. पण मुलाच्या नावाच्या जागी नुसतं ‘मुलगा’ लिहिलेलं. तो मुलगा म्हणजे आमचेच आजोबा, हे दाखवणारे कागद गोळा करता करता प्रवेशाची मुदत संपली. राखीव जागेवर लागलेला माझा नंबर गेला आणि ते वर्ष मी घरी काढलं. हे सगळं मी बारावीच्या निकालानंतर सुरू केलं होतं. तुम्ही तसं करू नका. वैधतेचा अर्ज ज्युनिअर कॉलेजमार्फत जातो, तेव्हा ऑफिसात स्वतः जाऊन विचारा, आणि पावतीची झेरॉक्स घरी ठेवा.

दुसरं, नावं जुळवा. दहावीच्या मार्कशीटवर बाबांचं नाव ज्ञानेश्वर आणि आधारवर ज्ञानेश्वरराव, हे आपल्याकडे घरोघरी आहे. तो ‘राव’ आत्ताच दुरुस्त करून घ्या. आधारला चालू मोबाईल जोडलेला हवा. फॉर्म सेतूवर भरला तरी मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या, सेतूवाल्याचा नाही. ओटीपी आणि प्रवेशपत्राचे निरोप त्यावरच येतात. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून तुमच्या प्रवेशाच्या वर्षी ते चालू आहे का, हे तारीख वाचून बघा. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल उन्हाळ्यातच काढून ठेवा. मुलींच्या आई-बाबांनी हे तर नक्कीच वाचावं: २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बल) मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश शासनाच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असावा लागतो. फी परवडणार नाही म्हणून पोरीचा फॉर्मच न भरणं आता थांबायला हवं.

आता परीक्षा. सीईटी, म्हणजे इंजिनीअरिंग-फार्मसीची राज्याची प्रवेश परीक्षा, आपल्या बोर्डाच्याच पुस्तकांवर असते, अकरावीचा भाग २० टक्के आणि बारावीचा ८०. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचा पेपर मराठीतही घेता येतो, पण गणिताचा इंग्रजीतच असतो. तेव्हा गणितातले इंग्रजी शब्द अकरावीपासूनच वहीत उतरवा. नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, वेगळी आहे: १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबरला ४ आणि चुकीला उणे १. तिथं अंदाजानं गोळे काळे करायचे नाहीत. नीटला एनसीईआरटीची पुस्तकं वाचा, ती वेबसाईटवर फुकट मिळतात. ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांसाठी नागपूरच्या महाज्योती या शासनाच्या संस्थेचं मोफत ऑनलाईन प्रशिक्षण आहे, त्यात टॅबही देतात. अकरावीला प्रवेश झाला की त्याची जाहिरात शोधायला लागा. आणि बोर्डाकडे दुर्लक्ष नको. इंजिनीअरिंगला बारावीत ठरलेल्या तीन विषयांना मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० लागतात.

सीईटी कॉम्प्युटरवर असते, याची सवय मोबाईलवर होत नाही. माझ्या मावसबहिणीनं पहिल्या सराव परीक्षेत पर्याय निवडले, पण ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबायचं राहून गेलं. माऊस तिनं पहिल्यांदाच हातात धरला होता, आणि हात थरथरून बाण दुसऱ्याच पर्यायावर जायचा. कॉलेजची लॅब शनिवारी उघडून मागा, सीईटी सेलच्या साईटवरची सराव परीक्षा तिथं निदान पाच वेळा घड्याळ लावून द्या.

नीटचा दिवस मे महिन्यातला, पेपर दुपारी २ ते ५ आणि गेट दीडला बंद. आपल्या उन्हात सकाळच्या येष्टीच्या भरवशावर राहू नका. आदल्या संध्याकाळी शहरात जा, नातेवाइकांकडे उतरा आणि केंद्राचं गेट डोळ्यांनी बघून या. डोक्याला दुपट्टा, पाण्याची पारदर्शक बाटली, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चप्पल. आधार ओरिजिनल घ्या, प्रवेशपत्राच्या दोन प्रिंट काढा. आणि फॉर्मवर जो फोटो टाकला, त्याच्याच कॉपी काढा, पासपोर्ट आणि पोस्टकार्ड दोन्ही साईजच्या. नवा फोटो काढायला जाऊ नका.