झोपेची-घाबरण्याची गोळी बरीच वर्षं चालू आहे? सोडायची कशी ते बघा

आधी गोळ्यांच्या पत्त्यावरचं (स्ट्रिपवरचं) नाव वाचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम असेल तर काही आठवड्यांतच शरीराला सवय लागू शकते, अगदी डॉक्टरांनी दिली तेवढीच घेतली तरी, म्हणून अशी गोळी घेणाऱ्या घरातल्या काकूंना "व्यसन लागलं" असं म्हणू नका बुवा. एस्सिटालोप्रामचं (उदासी-घाबरण्यावरची दुसऱ्या प्रकारची गोळी) वेगळं, त्याची तलफ येत नाही पण एकदम सोडलं की चक्कर येते.

मुख्य गोष्ट, कुठलीच गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, अल्प्राझोलामसारखीने तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. डॉक्टर बहुतेक दर २ ते ४ आठवड्यांनी तिचा डोस ५ ते १० टक्के कमी करतात, मधे झोप उडाली, हात थरथरले, घाबरं झालं तर तसं सांगायचं, मग ते थांबतात किंवा आणखी हळू करतात, महिने लागतात, लागू द्या. रोज किती घेतली ते कॅलेंडरवर लिहा. दारू अजिबात नाही, सराफ्यातून (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून) उशिरा आलात तरी नाही.

आणि दवा बाजारात ओळख काढून बिनपर्चीची आणू नका, या गोळ्या डॉक्टरांच्या पर्चीशिवाय विकायला कायद्यानं परवानगी नाही. इंदुरात बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, रात्री-बेरात्री बोलायचं झालं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.