नेव्हीच्या जुन्या हेल्मेटवरच्या रंगखुणा कशा ओळखायच्या

दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन नेव्हीचं एम१ हेल्मेट हातात आलं की सगळे आधी समोरचं यूएसएन (म्हणजे युनायटेड स्टेट्स नेव्ही) वाचतात, पण ते स्टेन्सिल कोणीही कधीही मारू शकतो, म्हणून मी पहिल्यांदा हेल्मेट उलटं करतो आणि पत्रा काय सांगतोय ते बघतो.

रिमचा, म्हणजे हेल्मेटच्या कडेला बसवलेल्या धातूच्या पट्टीचा, जोड शोधा. साधारण १९४४ च्या शेवटाकडे तो मागे गेला, त्याआधी पुढे असायचा. जुनी रिम स्टेनलेसची, तिच्यावर रंग नीट धरत नाही, त्यामुळे कडेचा रंग उडून चकाकी दिसत असेल तर घाबरू नका. हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या वेल्डिंगने पक्क्या असतील तर १९४३ च्या आसपासपर्यंतचा माल, हलत असतील तर त्यानंतरचा. आत पुढच्या बाजूला ठोकलेला नंबर म्हणजे पोलादाचा लॉट, सोबत एस असेल तर श्लूटर कंपनी, नाहीतर बहुतेक मॅककॉर्ड.

आता रंग. खाली गोल राखाडी पट्टा, कपाळावर लाल कमान आणि यूएसएन, ही खूण फ्रान्समधल्या नॉर्मंडीला उतरलेल्या नेव्हल बीच बटालियनची, म्हणजे किनाऱ्यावर काम करणाऱ्या नेव्हीच्या तुकड्यांची, ६वी आणि ७वी ओमाहा नावाच्या किनाऱ्यावर होत्या, २री युटा नावाच्या. पांढरी कमान असेल तर ती आर्मीची इंजिनिअर स्पेशल ब्रिगेड, आणि दोघं किनाऱ्यावर एकत्रच काम करायचे म्हणून गल्लत फार होते. लाल कमान आहे पण जोड मागे आहे? मग ६ जून १९४४ ला, म्हणजे नॉर्मंडीत उतरण्याच्या दिवशी (डी-डे), ते हेल्मेट बनलेलंच नव्हतं, डी-डेची किंमत अजिबात देऊ नका.

जहाजावरची हेल्मेटं बऱ्याचदा अख्खी राखाडी असतात, त्यावर जहाजाचा नंबर किंवा ड्युटीची जागा. डीडी म्हणजे डिस्ट्रॉयर, सीव्ही विमानवाहू, एलएसटी रणगाडे उतरवणारं जहाज. भोपळ्याएवढं मोठं हेल्मेट दिसलं तर ते टॉकरचं, म्हणजे जहाजावर फोनवरून निरोप देणाऱ्या खलाशाचं, कानाला हेडफोन लावून त्यावरून घालता यावं म्हणून तेवढं मोठं.

मग भिंग घ्या, इथे खरी मजा आहे. राखाडीच्या खाली मूळ ऑलिव्ह रंग आणि त्यात कॉर्कचा भुगा दिसायला हवा, दाणे मऊ आणि गोलसर. वाळूसारखे टोकदार दाणे लागले तर युद्धानंतर पुन्हा रंगवलेलं. मी एका हेल्मेटवर लाल रंग गंजाच्या बारीक खड्ड्यांत उतरलेला बघितला होता, म्हणजे आधी गंज आणि मग कमान, विषय संपला. खरा जुना ओरखडा अक्षरावरून सरळ पुढे राखाडी पट्ट्यावर जातो, अक्षरापाशी येऊन थांबत नाही.

आणि प्लीज, थिनर लावू नका, तारेचा ब्रश तर मुळीच नको, कोरडं मऊ कापड पुरे. आत लायनरवर (पत्र्याच्या आतल्या हलक्या टोपीवर) किंवा हनुवटीच्या पट्ट्यावर पुसटसं नाव असेल तर तिरप्या उजेडात फोटो काढा, जसंच्या तसं लिहून घ्या आणि हेल्मेटवर नंबर असलेल्या जहाजाच्या मस्टर रोलमध्ये, म्हणजे खलाशांच्या यादीत, शोधा, अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये त्या काळातले रोल जपलेले आहेत.